शौचाला डांबरासारखं काळं होतंय? ‘पित्त’ समजून थांबू नका

बारामती/इंदापूर : ऊसतोड असो की द्राक्षबागेची छाटणी, अंग ठणकलं की मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या आणि उपाशीपोटी गिळायच्या, ही आपल्याकडची सवय. याच गोळ्यांनी जठरात जखम होऊन आतल्या आत रक्त जाऊ शकतं.

कसं ओळखायचं?
उलटीत लाल रक्त किंवा चहाच्या चोथ्यासारखं काळपट पडणं. शौचाला डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं होणं. सोबत चक्कर, घाम, धाप. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं. शंका आली तर डॉक्टरांना दाखवा.

कारणं काय?
डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या, जठरातले ‘एच. पायलोरी’ जंतू, आणि दारूने यकृत खराब झाल्यावर अन्ननलिकेत फुगणाऱ्या शिरा. या शिरा फुटल्या तर माणूस काही तासांत दगावू शकतो.

घरी काय करायचं?
108 ला फोन करा. पेशंटला कुशीवर झोपवा, मोटारसायकलवर बसवू नका. दूध, सोडा, काढा काहीही पाजू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या.

दवाखान्यात काय होतं?
आधी सलाईन, गरजेप्रमाणे रक्त. हिमोग्लोबिन 7 च्या खाली गेलं तर बहुतेक वेळा रक्त चढवतात. अ‍ॅसिड कमी करणारं इंजेक्शन देतात. मग साधारण 24 तासांच्या आत तोंडातून दुर्बीण घालून एंडोस्कोपी करतात. त्यातूनच जखमेला क्लिप लावता येते, फुगलेल्या शिरांना रबरी बँड बांधता येतो. बऱ्याच जणांना पोट फाडायची वेळ येत नाही. जंतू सापडले तर साधारण 14 दिवसांचा कोर्स असतो, तो मध्येच सोडू नका.

कुठे जायचं?
इंदापूरचं उपजिल्हा रुग्णालय, बारामतीचं सिल्व्हर ज्युबिली रुग्णालय किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, यातलं जवळचं गाठा. पुढे पाठवायचं म्हटलं तर तिथे एंडोस्कोपी आणि रक्ताची सोय आहे का, हे निघण्याआधी विचारून घ्या. रेशनकार्ड, आधार जवळ ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला विचारा.

हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा. बाकी, अंगदुखीची गोळी रोज लागत असेल तर एकदा तपासून घ्या. ऊस दोन दिवस उभा राहिला तरी चालतो, रक्त थांबत नाही.