ओएनजीसी, उरण : सरकारी नियंत्रण
रायगड किनाऱ्यावरील उरण येथे तेल व नैसर्गिक वायू महामंडळाचा (ओएनजीसी) प्रक्रिया प्रकल्प असून मुंबई हाय या समुद्रातील क्षेत्राचे तेल व वायू समुद्रतळावरील नळांतून येथे येतात. मुंबई हायचा शोध 1974 मध्ये लागला. उत्पादन 1976 मध्ये सुरू झाले. 1956 मध्ये स्थापन झालेल्या तेल व नैसर्गिक वायू आयोगाची 1993 मध्ये कंपनी झाली व 2010 मध्ये तिला ‘महारत्न’ दर्जा मिळाला. तरीही निम्म्याहून अधिक भागभांडवल केंद्राकडेच असून अध्यक्षांच्या नेमणुकीला मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीची मान्यता लागते.

सरकारचा खरा प्रभाव मात्र दर आणि वाटपातून जाणवतो. जुन्या क्षेत्रांतील वायूचा दर सरकारी सूत्राने ठरतो. एप्रिल 2023 पासून तो आयात कच्च्या तेलाच्या सरासरी किमतीच्या दहा टक्के असून त्यावर कमाल मर्यादाही आहे. तो वायू कोणाला द्यायचा, हेही सरकारच ठरवते. थळचा खत कारखाना आणि उरणचे वायुविद्युत केंद्र या धोरणाच्या आधारावर उभे राहिले, ही त्याची जमेची बाजू होय. परंतु डिझेल, केरोसीन व घरगुती गॅस स्वस्त ठेवण्यासाठी ओएनजीसीला अनेक वर्षे कच्चे तेल सवलतीने विकावे लागले. जानेवारी 2018 मध्ये तिने केंद्राचा हिंदुस्तान पेट्रोलियम (एचपीसीएल) या कंपनीतील 51.11 टक्के हिस्सा 36,915 कोटी रुपयांना घेतला. तो पैसा निर्गुंतवणुकीच्या खात्यात जमा झाला आणि कर्जाचा भार कंपनीवर आला. जुन्या होत चाललेल्या क्षेत्रांना भांडवलाची गरज असताना केलेला हा व्यवहार कंपनीच्या हिताचा म्हणणे कठीण आहे.