मालकी शेजाऱ्यांची

पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी रुग्णाची वेदना नि त्रास हलका करणाऱ्या सेवेची, वंशावळ बहुतेक वेळा लंडनपासून सांगितली जाते, आणि त्यात वावगं काही नाही. सिसिली सॉण्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका. मरणपंथाला लागलेल्या माणसाच्या वेदनेबद्दल डॉक्टरमंडळींनी आपलं ऐकायचं तर आपणच डॉक्टर व्हायला हवं, हे उमगून चाळिशीच्या उंबरठ्यावर त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये दक्षिण लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. मॉर्फिन दुखायला लागल्यावर नव्हे, तर दुखणं परतण्याआधी घड्याळ लावून द्यायचं, आणि वेदना शरीराइतकीच मनाची, घराची, पैशाची नि श्रद्धेचीही असते हे धरून चालायचं, या दोन गोष्टी त्यांनी जगाला दिल्या. भारतातलं पहिलं हॉस्पिस १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला सुरू झालं. कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी उभी केलेली ही ‘शांती अवेदना’ संस्था पुढे गोव्यात आणि दिल्लीतही गेली. इथवर वंश सरळ चालतो : एक इमारत, तिच्यात खाटा, खाटांपाशी सेवाभावी माणसं आणि पाठीशी दाते. केरळचं काम याच वंशाची पुढची फांदी म्हणून दाखवण्याची रीत आहे. मला ती अपुरी वाटते. केरळने औषध लंडनकडून घेतलं हे खरं, पण तिथे जे नवं घडलं त्याचा संबंध औषधाशी नव्हता आणि करुणेशीही नव्हता. या सेवेचा मालक कोण, हा प्रश्न तिथे वेगळ्या तऱ्हेने सुटला.

सुरुवात मात्र डॉक्टरांनीच केली. भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल, त्यांचे सहकारी डॉ. सुरेशकुमार आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक स्वयंसेवक यांनी १९९३ मध्ये कालिकतच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’ स्थापन केली. त्यामागची एक घटना राजगोपाल यांनी स्वतः अनेकदा सांगितली आहे. कर्करोगाच्या एका रुग्णाचं असह्य दुखणं त्यांनी इंजेक्शनने मज्जातंतू बधिर करून थांबवलं. आता आणखी उपचार नाहीत, हेही त्याला बोलण्याच्या ओघात कळलं. आपला आजार बरा होणारा नाही, हे तोवर त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. घरी जाऊन त्याने जीव दिला. तंत्र अचूक होतं, वेदना गेली होती, आणि तरीही उपचार फसला होता. सॉण्डर्सबाईंचा सिद्धान्त एका डॉक्टरला याहून कठोर रीतीने शिकवता आला नसता. पण लवकरच दुसरी अडचण पुढे आली, जिचं उत्तर सॉण्डर्सबाईंकडे नव्हतं. बाह्यरुग्ण विभागात माणसं दुरून येत. बसभाड्यासाठी उसनवारी करून एकदा येत, गोळ्या नेत आणि पुन्हा दिसत नसत, कारण ज्याला या सेवेची सर्वांत जास्त गरज होती तोच अंथरुणावरून उठू शकत नव्हता. खाटा वाढवून हे सुटणार नव्हतं. सेवा घरापर्यंत न्यायची, तर वाटेतल्या गावांत कोणीतरी आपलं माणूस हवं होतं.

ते माणूस मलप्पुरम जिल्ह्यात सापडलं. निलंबूर, मंजेरी अशा गावांत स्थानिक लोकांनी आपापली केंद्रं काढली आणि २००० सालच्या आगेमागे त्यांतून शेजारसेवेचं जाळं विणलं गेलं. पद्धत साधी होती. आठवड्यातले काही तास देऊ शकणाऱ्या कुणालाही सोळा तासांचं प्रशिक्षण द्यायचं, चार दिवस अनुभवी माणसाबरोबर प्रत्यक्ष काम करायला लावायचं, आणि मग दहा-पंधरा जणांनी आपल्या भागातले आजारी शोधून त्यांचं काय करायचं ते ठरवायचं. पैसा दुकानांच्या गल्ल्यावर ठेवलेल्या पेट्यांतून, शाळकरी मुलांच्या वर्गणीतून, बसवाल्यांनी सोडलेल्या एखाद्या दिवसाच्या कमाईतून यायचा. हे काम जवळून पाहिलं तर किती हाताचं आहे ते कळतं. गालावरची कर्करोगाची जखम फुटून सडू लागली की तिच्या वासाने घरातलेही दूर बसतात. परिचारिका मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड करून ती जखमेत भरते, उकळून घेतलेल्या जुन्या सुती कापडाची घडी वर बांधते आणि घरातल्या सुनेकडून उद्याची पट्टी तिच्यासमोरच करवून घेते. वास ओसरतो, नातवंडं परत जवळ येतात. तोवर स्वयंसेवक डब्यात तांदूळ किती उरला आहे आणि धाकटा शाळेत जातो का, याची चौकशी करत असतो. परिचारिकेचं काम संपल्यावर उरेल ते करण्यासाठी तो आलेला नसतो. तांदूळ हाही त्या घरच्या औषधयोजनेचा भाग असतो.

मालकी बदलली म्हणजे नेमकं काय बदललं, याचा सर्वांत बोलका पुरावा रुग्णांच्या यादीत आहे. डॉक्टरांनी केंद्र काढलं तेव्हा यादीत कर्करोगी होते, कारण वैद्यकातली ही शाखा कर्करोगाभोवती वाढली. शेजाऱ्यांनी यादी केली तेव्हा तिच्यात पक्षाघाताने पडून राहिलेली म्हातारी आली, झाडावरून पडून कंबरेखाली निकामी झालेला तरुण आला, दीर्घ मानसिक आजाराची माणसं आली. त्या आळीत राहणाऱ्याला निदानाचं नाव दिसत नाही, अंथरूण दिसतं. वर्षानुवर्षं पडून असलेल्या माणसाला हॉस्पिसच्या जुन्या व्याख्येत जागाच नव्हती, कारण तो लवकर मरणार नव्हता. ती व्याख्या केरळमध्ये कोणा तज्ज्ञसमितीने रुंद केली नाही. ज्यांच्या हाती वर्गणीची वही होती त्यांनी ती केली. इतर ठिकाणी स्वयंसेवक संस्थेच्या डॉक्टरला मदत करतात. इथे स्वयंसेवकांची संस्था डॉक्टरला पगारावर ठेवू लागली.

हे मल्याळी माणसाच्या उपजत सहृदयतेतून आलं असं म्हणणं मला आळशीपणाचं वाटतं. सहृदय माणसं सगळीकडे असतात, पण सभा भरवून, पावती फाडून, पाळी लावून काम चालवण्याची सवय सगळीकडे नसते. केरळमध्ये ती गावोगावच्या ग्रंथालयांतून रुजली होती. १८ एप्रिल १९९१ रोजी कालिकतमध्ये केरळ पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली, आणि ती चेलक्कोडन आयिशा या मलप्पुरमच्याच नवसाक्षर महिलेने केली. त्या मोहिमेत घरोघर जाऊन नावं लिहून घेणारी, रोज संध्याकाळी वर्ग चालवणारी हजारो माणसं तयार झाली होती. १९९६ पासून लोकनियोजनाच्या मोहिमेत राज्याच्या योजनेतला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पैसा पंचायतींच्या हाती आला. मलप्पुरममध्ये भर पडली ती आखातातल्या कमाईची आणि दानाच्या धार्मिक परंपरेची. औषधोपचाराचं कूळ लंडनचं, पण संस्थेचं कूळ हे आहे.

यावर पहिला आक्षेप वैद्यकाकडून आला : मॉर्फिनसारखं औषध घरोघर पोचवायचं आणि भोवती वर्ग करून आलेली सामान्य माणसं, म्हणजे हेळसांड आणि गैरवापर ठरलेलाच. भीती खोटी नव्हती, पण तिची किंमत कोण चुकवत होतं ते पाहिलं पाहिजे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांची अशी साखळी तयार झाली की देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर वर्षाला सुमारे ७०० किलोवरून १९९७ पर्यंत अवघ्या १८ किलोवर आला. हा तोच देश, जिथे मध्य प्रदेश-राजस्थानात सरकारी परवान्याने अफू पिकते आणि जगाच्या औषधनिर्मितीसाठी निर्यात होते. कालिकतच्या केंद्राने दोन वर्षांत मॉर्फिनच्या गोळ्या दिलेल्या १,७२३ रुग्णांची पाहणी २००१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले बहुतेक घरीच राहून गोळ्या घेत होते, आणि गैरवापराचं वा औषध भलतीकडे गेल्याचं एकही उदाहरण आढळलं नाही. शिवाय या जाळ्यात औषध लिहून देतो तो डॉक्टरच. शेजारी डोस ठरवत नाहीत, रात्रीची गोळी चुकली नाही ना आणि बद्धकोष्ठाचं औषध सोबत चालू आहे ना, हे पाहतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लोक वर्गणी काढून हे करू लागले की सरकार हात झटकून मोकळं होतं. केरळमध्ये घडलं ते उलट. गावोगावच्या केंद्रांचा रेटा होता म्हणून २००८ मध्ये राज्याने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण जाहीर केलं, देशातलं पहिलं, आणि पुढे जवळपास प्रत्येक पंचायतीत घरभेटी देणारी परिचारिका नेमली गेली. या यशाने दुसरा पेच मात्र निर्माण केला आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. परिचारिका पगारी झाली, गाडी पंचायतीची झाली, की ठराविक घरं उरकून नोंदवही भरण्याकडे कल जातो, आणि ज्याने कालपर्यंत यादी केली तो स्वयंसेवक गाडीत मागे बसलेला पाहुणा होतो. सरकार आलं म्हणून मालकी सोडायची नसते, हे केरळला आता नव्याने शिकावं लागत आहे.

राहिला तिसरा आक्षेप : हे केरळातच होऊ शकतं. पश्चिम बंगालमधल्या नदिया जिल्ह्यात, साक्षरता आणि सुबत्ता दोन्ही कमी असताना, हीच पद्धत रुजली आहे. महाराष्ट्राला तर हे कारण शोभत नाही. इथे टाटा रुग्णालयात स्वतंत्र विभाग आहे, पुण्यात सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, राज्याचं धोरण २०१२ मध्येच झालं. दूधसंघ, पतपेढ्या, गणेशोत्सव मंडळं, बचतगट हे सगळं वहीवर चालवायची आपल्याला चांगली सवय आहे. २०१४ च्या कायदादुरुस्तीने मॉर्फिनसाठीचे अनेक परवानेही संपवले आहेत. आता राज्याच्या औषध नियंत्रकाची मान्यता आणि एक प्रशिक्षित डॉक्टर एवढ्यावर तालुक्याच्या गावी ते ठेवता येतं. नसलेली गोष्ट एकच : आपल्या प्रभागात अंथरुणाला खिळलेली माणसं किती आणि कोणत्या घरात, याची यादी. ती करायला डॉक्टर लागत नाही, जीआरही लागत नाही. मलप्पुरमच्या गटांनी कामाला सुरुवात केली ती त्या यादीपासूनच.