गळविद्येचा जुना पाठ व त्याची बांधणी

सन १४८६ चा ‘सेंट ऑल्बन्सचा ग्रंथ’ विंकिन द वर्ड यानें वेस्टमिन्स्टर येथें १४९६ मध्यें पुन्हां छापिला व त्यांत गळानें मासे धरण्याचें प्रकरण नवीन घातलें. ट्राउट व ग्रेलिंग या माशांकरितां लोकर-पिसांच्या बारा कृत्रिम माश्या कशा बांधाव्या, हें त्यांत नवशिक्यांस शिकविलें आहे. शेवटीं कर्ता सांगतो कीं, वेगळी लहान पुस्तिका केल्यास ती आळशी, अमर्याद लोकांच्या हातीं पडून मत्स्यनाश होईल. म्हणून हें प्रकरण कुलीनांच्या मोठ्या ग्रंथांत गोविलें. पुढें १६५३ मध्यें वॉल्टननें ही विद्या गुरुशिष्यसंवादरूपानें लहान पुस्तकांत सर्वांस खुली केली. तात्पर्य, शिष्याच्या अधिकाराचा निर्णय येथें बांधणींतच नमूद आहे. बाड फोडून प्रकरणें सुटीं करणाऱ्या संग्राहकांनीं हें ध्यानीं धरावें. पानें राहतील, पुरावा जाईल.