वावर, तिफण आणि जलद : आपल्या वर्गातील शब्दांचा इतिहास

शिक्षकांच्या, मैदानाच्या आणि स्नेहसंमेलनांच्या आठवणी या स्मरणिकेत येतीलच. मी पुढे मराठीचाच शिक्षक झालो, म्हणून आपल्या भागातल्या वर्गांत शब्द कसे शिकवले गेले, याविषयी लिहितो.

आमच्या आजोबांच्या काळी शिरड शहापूर निजामी राज्यातल्या परभणी जिल्ह्यात होते. कारभार उर्दूत चाले. १९१८ साली सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. मराठीत मुळाक्षरे गिरवलेल्या मुलाला वर जाताना इतिहास, भूगोल, गणित यांचे शब्द नव्याने शिकावे लागत. ज्याला ते आले तो कचेरीत लागला. ज्याला आले नाहीत तो आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेई.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. मराठी आपल्या घरी आली खरी, पण छापील मराठी पुन्हा वेगळीच निघाली. शासनाच्या भाषा संचालनालयाने १९६२ मध्ये पदनाम कोश काढला आणि हुद्द्यांना संस्कृत वळणाची नावे मिळाली. हजेरी, दाखला, शाई, तारीख हे फारसी-अरबी शब्द मात्र शाळेतून हलले नाहीत. ते निजामाच्याही आधीपासून मराठीत मुरलेले होते.

१९६७ मध्ये पुण्यात बालभारतीची स्थापना झाली. सत्तरच्या दशकात आम्ही तीच पुस्तके वाचली. धड्याखालचे शब्दार्थ पाठ करायचे, समानार्थी, विरुद्धार्थी लिहायचे, वाक्यात उपयोग करायचा. परीक्षेत गुण मिळत, दिवाळीच्या सुट्टीत शब्द विसरत.

आमचे मराठीचे गुरुजी मात्र अर्थ आधी सांगत नसत. "तुमच्या घरी याला काय म्हणता रे?" असे विचारत आणि फळ्याचे दोन भाग करून एकीकडे पुस्तकाचा शब्द, दुसरीकडे आमचा शब्द लिहीत. धड्यात 'त्यांचा सभेत वावर असे' हे वाक्य आले, तेव्हा सारा वर्ग हसला, कारण आमच्याकडे वावर म्हणजे शेत. गुरुजी रागावले नाहीत. दोन्ही अर्थ फळ्यावर आले आणि दोन्ही मराठीच आहेत, हे त्यांनी ठासून सांगितले. गावंढळ म्हणून खाली मान घालणाऱ्या पोरांना त्या एका वाक्याने केवढा धीर दिला!

शब्द फोडून दाखवणे ही त्यांची दुसरी रीत. तीन फणांची ती तिफण, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावे लागत नसे. तिथून ते तिमाही, तिठा, त्रिकोण असे नेत. माहीत असलेल्या शब्दाच्या खुंटीला नवा शब्द अडकवला की तो सहसा पडत नाही. 'जलद' शब्दाचीही अशीच गंमत. कवितेतला जलद म्हणजे ढग, जल देणारा. तो संस्कृतातून आला. जलद गाडीतला जलद फारसीच्या 'जल्द'चा. अक्षरे तीच, घराणी दोन. आपल्या मराठवाड्याचा इतिहासच जणू त्या तीन अक्षरांत.

तिसरी रीत अगदी साधी. आज शिकवलेला शब्द ते चार दिवसांनी दुसऱ्याच वाक्यात विचारत, पंधरवड्याने निबंधात मागत. एकदा ऐकलेला शब्द ओळखीचा होतो. तीन-चार वेळा वापरला की आपला होतो. माझ्या नोकरीत मी हेच केले आणि ते मागच्या बाकावरच्या मुलांनाही लागू पडले.

१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला. आता ट्रॅक्टर आला, हळदीचे कुकर आले, मुले इंग्रजी शाळांत जातात. फळ्याच्या दोन बाजू उलटल्या आहेत. पुस्तकातला 'शेत' नातवाला कळतो, आजीचे 'वावर' कळत नाही. तिफण, चाडे, वखर, कासरा ही अवजारे आणि साधने कोपऱ्यात पडली, तसे त्यांचे शब्दही पडतील.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेला देणगी द्याच, सोबत एक वहीही द्या. प्रत्येकाने घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून दहा शब्द, त्यांचे अर्थ आणि एकेक वाक्य लिहून आणावे. शाळेने ते आठवड्याला पाच याप्रमाणे फळ्याच्या दुसऱ्या बाजूला लिहावेत. ती बाजू कोरी राहू नये.