क्यूआर कोडमध्ये धडा नसतो!

आजचा एपिसोड छोटा आहे, आणि त्याचा विषय तुमच्या धाकट्या भावंडांच्या दप्तरात आहे. बालभारतीचं पाठ्यपुस्तक उघडा, त्यात क्यूआर कोड दिसेल.

हा कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत तयार झाला. मासाहिरो हारा आणि त्यांच्या टीमला गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायचा होता, बस. पेटंट होतं, पण कंपनीने वापराचे पैसे मागितले नाहीत. मागितले असते तर आपल्या झेडपीच्या शाळेपर्यंत तो कशाला पोहोचतोय?

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो थेट पुस्तकात आणला. कविता ऐका, व्हिडिओ बघा, स्वाध्याय सोडवा, सगळं धड्यापाशीच. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि दहा लाख डॉलरपैकी निम्मे त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून टाकले. ती बातमी आपण सगळ्यांनी फॉरवर्ड केली.

मी पडलो इंजिनिअर, त्यामुळे माझं डोकं दुसरीकडेच जातं. त्या कोडमध्ये धडा नसतो हो, फक्त पत्ता असतो. पुस्तक ताईकडून धाकट्याकडे, मग शेजारच्या पिंट्याकडे जातं. वेबवरचे पत्ते तेवढे टिकतात का? डिलिशस आठवतंय? नसेलच. २००३ ची ही साइट. लिंका साठवायच्या, टॅग लावायचे, शेअर करायच्या. कित्येक शिक्षकांनी वर्गासाठी असे संग्रह केले. २००५ मध्ये याहूने ती घेतली, मग मालक बदलत गेले, आणि २०१७ मध्ये पिनबोर्डने विकत घेऊन नवीन लिंका टाकणंच बंद केलं.

त्याच २०१७ मध्ये, शिक्षकदिनी, आपल्याकडे 'दीक्षा' सुरू झालं. त्यातली एक गोष्ट मला जाम आवडते. पुस्तकातल्या चौकोनासोबत सहा अक्षर-अंकांचा एक कोड छापलेला असतो. चौकोन त्या कोडकडे नेतो, ठरावीक व्हिडिओकडे नाही. कोडला कुठला व्हिडिओ जोडायचा, ते सर्व्हरवर बदलता येतं. व्हिडिओत चूक निघाली? दुसरा जोडा, छापलेलं पुस्तक तसंच राहतं. कॅमेरा फुटलेला असेल तर ती सहा अक्षरं ॲपमध्ये टाइप करा, तरी चालतं.

अर्थात, बदलता येतं म्हणजे कुणीतरी बसून बदलावं लागतं. ते काम होतंय का, हे मला तुमच्याकडून ऐकायचंय. घरातलं एक पुस्तक घ्या, त्यातला कुठलाही कोड स्कॅन करा, आणि काय उघडलं त्याची व्हॉइस नोट पाठवा. काहीच उघडलं नाही तर आधी पाठवा.