सायप्रसच्या डोंगरांतील चित्रमंदिरें

सायप्रस बेटावरील ट्रूडोस पर्वताच्या खोऱ्यांतून हिंडणाऱ्या प्रवाशाला गांवाबाहेर एखादी उतरत्या कौलारू छपराची बुटकी इमारत दिसते. धान्याचें कोठार असावें, असें प्रथमदर्शनीं वाटतें. किल्ली बहुधा गांवच्या धर्मगुरूकडे असते. दार उघडलें, म्हणजे मात्र भिंती, कमानी व छत यांवर दाटीनें काढलेले संत, देवदूत आणि ख्रिस्तचरित्रांतील प्रसंग समोर उभे राहतात.

या छपराचें रहस्य समजून घेण्याजोगें आहे. ट्रूडोसवर हिवाळ्यांत बर्फ पडतें. पाणी मुरलें कीं चुन्याचा गिलावा सुटतो व त्याबरोबर चित्रही जातें. म्हणून डोंगरवासीयांनीं घुमटावर लांकडी सांगाडा उभारून दुसरें उतरतें छप्पर घातलें. काकोपेत्रियाच्या देवळाला तर ‘छपराचा संत निकोलस’ असेंच नांव पडलें. चित्रें इतकीं शतकें टिकलीं, याचें श्रेय चित्रकारांइतकेंच या अनाम सुतारांना दिलें पाहिजे.

आसिनूच्या देवळांतील सर्वांत जुनीं चित्रें इ. स. ११०५-०६ चीं आहेत. पुढें जोडलेल्या दालनांत शिकारी कुत्रे व रानमेंढेही रंगविलेले आहेत. गंभीर संतांच्या मेळाव्यांत ते डोळ्यांना विसांवा देतात.

परंतु इतिहासाच्या दृष्टीनें लागुदेराचें देऊळ अधिक बोलकें आहे. ११९१ मध्यें धर्मयुद्धास निघालेला इंग्लंडचा राजा रिचर्ड यानें, स्वतःस सम्राट म्हणविणाऱ्या आयझॅक कॉम्नेनोसकडून हें बेट जिंकलें, व लगेच टेंपलर योद्ध्यांना विकलें. पुढच्याच वर्षीं प्रजेनें बंड केलें, आणि बेट लुसिन्यां घराण्याच्या गी याच्या हातीं गेलें. दोन वर्षांत तीन धनी! लागुदेराच्या शिलालेखांत काळ आहे डिसेंबर ११९२, व दाता ऑथेंटेसपुत्र लिऑन. राज्य बुडालें त्याच सुमारास या ग्रीक गृहस्थानें बायझंटाइन कलेचा उत्कृष्ट नमुना निर्माण करविला. माता मेरी बाळाला हातांवर घेऊन उभी आहे. दोन्ही बाजूंचे देवदूत मात्र त्याच्या भावी यातनांचीं साधनें, क्रूस, भाला व स्पंज, घेऊन आले आहेत. समोरच्या भिंतीवर तेंच बाळ वृद्ध सिमिऑनच्या कुशींत आहे. प्रसंग कोवळा आणि सूचना दारुण, असा हा संयोग आहे.

लॅटिन सत्तेनें १२६० च्या आज्ञापत्रानें ग्रीक बिशपांना रोमच्या आधीन केलें व शहरांतून खेड्यांकडे धाडलें. निकोसियाच्या बिशपचें पीठ ट्रूडोसच्याच सोलेआ खोऱ्यांत आलें. डोंगराला असें अनपेक्षित महत्त्व लाभलें. तथापि दोन्ही पंथ सर्वस्वीं दूर राहिले नाहींत. कालोपानायोतिस येथील संत जॉन लांपादिस्तिसाच्या मठांत सुमारें १५०० सालचें ‘लॅटिन’ नांवाचें दालन आहे. त्यांतील चित्रांत इटालियन वळण स्पष्ट दिसतें, परंतु अक्षरें ग्रीकच आहेत.

युनेस्कोनें १९८५ मध्यें या देवळांपैकीं नऊ जागतिक वारशांत घेतलीं. पालेखोरीचें दहावें २००१ मध्यें आलें.