मतमाउली

हरेगावात डोंगर नाही. श्रीरामपूर तालुक्यातली ही सपाट, उसाची जमीन. गावाची जुनी ओळखही साखर कारखान्याचीच. तरी इथल्या चर्चमधली मारिया ‘मतमाउली’, आणि या नावात चक्क डोंगर दडलेला आहे.

‘मत’चा मतदानाशी संबंध नाही. मुंबईत वांद्र्याच्या टेकडीवरची माउंट मेरी म्हणजे ‘मोत माउली’. पोर्तुगीजांच्या ‘मोंते’चं, म्हणजे डोंगराचं, बोलीत ‘मोत’ झालं. कुणी त्यात मोती पाहतात. गोड आहे, पण पटत नाही. हरेगावचं ‘मत’ बहुधा याच ‘मोत’चं घाटावरचं रूप. वांद्र्याप्रमाणे हरेगावची यात्राही सप्टेंबरातलीच, ८ तारखेच्या मारियेच्या जन्मदिनाच्या आगेमागे.

‘माउली’ला मात्र परदेशी जायची गरज पडली नाही. शके १२१२मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे याच जिल्ह्यातलं. वारकऱ्यांनी ज्ञानोबाला दिलेली हाक ख्रिस्ती भाविकांच्या तोंडी मारियेसाठी सहज बसली.

या भागात वाढलेल्यांना विचारा. शब्दाची कुळी क्वचितच कुणाला ठाऊक. यात्रा मात्र पाठ. आधी नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा नोव्हेना (हाही पोर्तुगीजच, ‘नऊ’वरून आलेला), मग आईचं बोट धरून गर्दीत शिरणं, वाकडी झालेली मेणबत्ती, बोटांवर थिजलेलं मेण नखानं खरवडणं. मुलांचं लक्ष मिस्सेच्या उपासनेपेक्षा बाहेरच्या पाळण्याकडे. ‘मिस्सा’ म्हणजे लॅटिन ‘मिस्सा’च. ‘पाद्री’, ‘क्रूस’, ‘नाताळ’ही पोर्तुगीजांचेच; त्यांचं राज्य नगरला कधी नव्हतं, शब्द तेवढे घाट चढून आले.